राखणदार, भाडेकरू आणि आगंतुक : पक्ष्यांमधलं सहजीवन



परिसर अभ्यासात सजीवांचे एकमेकांशी असलेले संबंध शिकवायला घेतले की आपली उदाहरणं ठरलेली असतात. गाय आणि गायबगळा, फूल आणि मधमाशी, आणि मगरीच्या जबड्यात शिरून तिचे दात साफ करणारा पक्षी. (यातलं शेवटचं उदाहरण हजारो वर्षांपासून सांगितलं जातं, पण त्याला भक्कम पुरावा नाही. त्यामुळे ते वर्गात न सांगितलेलंच बरं.)

या उदाहरणांत फार तर एक पक्षी असतो आणि दुसरा कोणीतरी वेगळाच जीव. दोन वेगवेगळ्या जातींच्या पक्ष्यांमध्येही असे संबंध असतात, हे मात्र आपण मुलांना सहसा सांगत नाही. खरं तर यातली बरीच उदाहरणं दाखवायला जंगलात जायचीसुद्धा गरज नाही. शाळेच्या कुंपणावर, विजेच्या तारेवर, गावातल्या वडावर ती रोज घडत असतात.

आजच्या लेखात हीच उदाहरणं पाहू. आणि सोबत आणखी एक गोष्ट. हा विषय शिकवताना "बघा मुलांनो, पक्षी एकमेकांना कशी मदत करतात, आपणही तसंच वागलं पाहिजे" असा शेवट करायचा मोह आपल्याला होतो. तो का टाळायचा आणि त्याऐवजी मुलांच्या हातात काय द्यायचं, तेही बोलू.

सहजीवन म्हणजे नेमकं काय?

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो. हे दगडफूल म्हणजे फूल नाही आणि एक वनस्पतीही नाही. ती बुरशी आणि शैवाल यांची जोडी आहे. शैवाल उन्हात अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा आणि ओलावा देते. दोघं इतके एकजीव झालेले असतात की आपल्याला ती एकच गोष्ट वाटते.

अशा जोड्यांचा विचार करताना अँटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये 'सहजीवन' या अर्थाची संज्ञा शास्त्रात रूढ केली. त्याच्या व्याख्येत एवढंच होतं की, दोन वेगळ्या प्रकारचे सजीव एकत्र राहतात. दोघांचा फायदा झालाच पाहिजे अशी अट त्यात नव्हती. आपण शाळेत मात्र सहजीवन म्हणजे दोघांचा फायदा असं सरसकट सांगतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. व्यापक अर्थाने सहजीवनाचे तीन प्रकार होतात :

१. सहोपकारिता : दोघांचाही फायदा.
२. सहभोजिता : एकाचा फायदा, दुसऱ्याला ना फायदा ना तोटा.
३. परजीविता : एकाचा फायदा, दुसऱ्याचा तोटा.

ही नावं लहान मुलांना जड जातात. माझ्या चौथीच्या वर्गात मी नावं नंतर सांगते. आधी फळ्यावर दोन रकाने आखते : 'काय मिळालं?' आणि 'काय गेलं?' अगदी किराणा दुकानातल्या जमाखर्चाच्या वहीसारखे. प्रत्येक पक्ष्यासाठी हे दोन रकाने भरायचे. ते भरले की प्रकार कोणता हे मुलं आपोआप सांगतात.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्या. पक्ष्यांमधले संबंध दगडफुलासारखे घट्ट नसतात. पक्ष्यांना पंख आहेत, ते कधीही उडून जाऊ शकतात. त्यामुळे इथली नाती सैल असतात आणि ऋतूप्रमाणे बदलतात. म्हणूनच ती समजून घ्यायला जास्त मजा येते.

राखणदार : मिश्र थवे

हिवाळ्यात सह्याद्रीतल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या जंगलात सकाळी फिरून बघा. कधी कधी अर्धा तास चाललं तरी एक पक्षी दिसत नाही. आणि अचानक समोरची चार झाडं पक्ष्यांनी भरून जातात. पाच-दहा मिनिटं नुसता किलबिलाट, आणि पुन्हा सगळं शांत. हा असतो मिश्र थवा. म्हणजे वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र फिरत अन्न शोधतात.

नीट पाहिलं तर यात प्रत्येकाची जागा ठरलेली दिसते. सुतार पक्षी खोडाला चिकटून साल ठोकत असतो. शिलींध्री त्याच खोडावरून डोकं खाली करून उतरत असते. चष्मेवाले आणि सुभग पानापानांत किडे शोधत असतात. निखार शेंड्याकडे असतात. नाचण शेपटीचा पंखा उघडत-मिटत फांद्यांमधून उडणारे कीटक टिपत असते. आणि एखादा कोतवाल मोकळ्या फांदीवर बसून, इतरांच्या गडबडीत उडालेले कीटक हवेतच पकडत असतो.

आता प्रश्न असा की हे सगळे एकत्र का येतात? याची दोन मुख्य कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे डोळे. एकटा पक्षी खाली मान घालून खात असला की शिक्रा कधी झडप घालेल याचा नेम नाही. त्यामुळे त्याला सारखी मान वर करून पाहावं लागतं, आणि जितका वेळ पाहण्यात जातो तितकं खाणं कमी होतं. वीस पक्षी एकत्र असले की चाळीस डोळे असतात. कुणी ना कुणी पाहतच असतं. एकाने धोक्याची हाक दिली की बाकीचे, जात वेगळी असली तरी, ती ओळखतात आणि पानांत दडतात. शिवाय शिक्रा एका झडपेत पक्षी धरणार एकच. एकट्याने असताना ती पाळी नक्की आपली, विसात असताना वीसपैकी एक. (पाचवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवायला हे उदाहरण छान आहे.)

दुसरं कारण म्हणजे अन्न. एकाने पानं हलवली की दडलेला कीटक उडतो आणि दुसऱ्याच्या तोंडी पडतो.

पण मग आपल्याच जातीचा थवा का नाही करायचा? चौथीतली मुलंसुद्धा हा प्रश्न विचारतात आणि तो अगदी योग्य आहे. उत्तर असं की आपल्या जातीचा पक्षी तेच अन्न त्याच जागी शोधतो, म्हणजे तो राखणदारही असतो आणि स्पर्धकही. सुतार पक्ष्याला शेजारी दुसरा सुतार असण्यापेक्षा चष्मेवाला असणं परवडतं. चष्मेवाल्याचे डोळे कामाला येतात आणि तो खोडातल्या अळ्यांना हात लावत नाही. डबा खाताना आपल्या शेजारी आपल्याला न आवडणारी भाजी आवडणारा मित्र बसावा, तसंच हे!

हरी श्रीधर या भारतीय संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसोबत जगभरातल्या मिश्र थव्यांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध केला. थव्यात असताना पक्ष्यांचा सावधपणे पाहण्यात जाणारा वेळ कमी होतो आणि खाण्याचा वेग वाढतो, असं त्यात एकंदरीत दिसलं. म्हणजे वर सांगितलेला जमाखर्च नुसता तर्क नाही, तो मोजला गेला आहे.

या थव्यांतला सगळ्यात रंगतदार गडी म्हणजे भृंगराज. तो आपल्या कोतवालाचाच भाऊबंद. त्याच्या शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पिसांचे गोंडे असतात. हा नकलाकार आहे, इतर पक्ष्यांचे आवाज तो हुबेहूब काढतो. श्रीलंकेतल्या सिंहराजा अरण्यात एबेन गुडेल आणि सरथ कोटगामा या संशोधकांनी त्याच्या आवाजांची ध्वनिमुद्रणं जंगलात वाजवून पाहिली. इतर पक्ष्यांच्या नकला असलेलं ध्वनिमुद्रण वाजवलं तेव्हा मिश्र थव्यातले इतर पक्षी जास्त प्रमाणात जवळ आले. म्हणजे भृंगराज थव्यात नुसता सामील होत नाही, शेजाऱ्यांच्या भाषेत बोलून थवा जमवायलाही हातभार लावतो.

वहीत काय लिहायचं? सगळ्यांना सुरक्षितता मिळाली, बहुतेकांना अन्न जास्त मिळालं. गेलं ते थोडंसं स्वातंत्र्य, कारण थव्याच्या वेगाने चालावं लागतं. प्रकार : सहोपकारिता. विणीचा हंगाम आला की प्रत्येक जोडी आपापल्या घरट्याजवळ थांबते, आणि बहुतेक थवे विरतात. गरज संपली, भागीदारी संपली.

भाडेकरू : ढोलीची साखळी

आता गावात येऊ. उन्हाळ्याच्या दुपारी 'टुक् टुक् टुक्' असा एकसुरी आवाज येतो ना, तो तांबट. तांब्याची भांडी ठोकणाऱ्या तांबटासारखा आवाज, म्हणून हे नाव. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल. वड, पिंपळ, उंबराची फळं हे त्याचं आवडतं खाणं.

तांबट घरटं बांधत नाही, कोरतो. पांगारा, शेवगा अशा मऊ लाकडाच्या झाडाची वाळलेली फांदी निवडून तो चोचीने गोल भोक पाडतो आणि आत ढोली करतो. सुतार पक्षीही असंच करतो. हे काम कित्येक दिवस चालतं.

पुढची गंमत अशी की ढोलीत राहायला आवडतं पण ढोली कोरता येत नाही, असे कितीतरी पक्षी आहेत. साळुंकीची चोच त्या कामाची नाही. पिंगळ्याचीही नाही. दयाळ तर अजिबात कोरू शकत नाही. पोपट फार तर तयार भोक कुरतडून मोठं करतो. मग हे सगळे राहतात कुठे? झाड कुजून तयार झालेल्या पोकळीत, भिंतीच्या भोकात, किंवा सुतार आणि तांबटांनी सोडलेल्या जुन्या ढोलीत. मोठ्या सुतार पक्ष्याच्या ढोलीत पोपट आणि साळुंक्या, छोट्या ढोलीत रानचिमणी किंवा वल्गुली. एकाने बांधलेलं घर पुढे वर्षानुवर्षं वेगवेगळे भाडेकरू वापरतात, तेही भाडं न देता.

असंच दुसरं उदाहरण सुगरणीचं. (सुगरण हे नाव स्त्रीलिंगी असलं तरी खोपा विणतो तो नर, हे मुलांना जरूर सांगा.) विहिरीवर किंवा बाभळीवर लटकणारे हे खोपे सुगरण पक्षी हंगामानंतर सोडून देतात. मग त्यात पांढऱ्या कंठाच्या मुनिया राहायला येतात. कधी रात्री झोपण्यासाठी, कधी अंडी घालण्यासाठी.

वही उघडू. साळुंकीला घर मिळालं. तांबटाचं काय गेलं? तो आधीच निघून गेला होता, त्यामुळे काही नाही. प्रकार : सहभोजिता.

पण थांबा. तांबट अजून घरात असतानाच पोपट किंवा साळुंक्या येऊन भांडू लागल्या तर? असंही घडतं. मोठे पक्षी तांबटाला हुसकावून ढोली बळकावतात. पक्षी तेच आणि ढोलीही तीच, फक्त वेळ बदलली. वहीतला 'काय गेलं?' हा रकाना आता भरला आणि भाडेकरूचा घुसखोर झाला. हे उदाहरण वर्गात मुद्दाम सांगा. संबंधाचं नाव पक्ष्यावर चिकटवलेलं नसतं, ते त्या वेळच्या देवाणघेवाणीवर ठरतं, हे मुलांना इथे पहिल्यांदा कळतं.

आगंतुक : कोकिळा, पावशा आणि चातक

परजीवी म्हटलं की मुलांना उवा, गोचीड, जंत आठवतात. पक्ष्यांमधला परजीवी रक्त पीत नाही, तो दुसऱ्याचे कष्ट वापरतो.

कोकिळा कधीच घरटं बांधत नाही. कावळ्याचा विणीचा हंगाम उन्हाळ्यात सुरू होतो, कोकिळेचाही त्याच सुमारास. कावळीची नजर चुकवून कोकिळा तिच्या घरट्यात अंडं घालते. कधी कधी त्यासाठी कावळ्याचं एखादं अंडं काढूनही टाकते. कोकिळेचं अंडं १२ ते १४ दिवसांत उबतं. कावळ्याच्या पिल्लांच्या साधारण तीन दिवस आधी कोकिळेचं पिल्लू बाहेर येतं. आधी आलेल्याची भूक आधी भागते, साहजिकच ते वाढीत पुढे राहतं. सुरुवातीला त्याचा आवाजही कावळ्यासारखाच असतो. युरोपातल्या कुक्कू पक्ष्याचं पिल्लू यजमानाची अंडी घरट्याबाहेर ढकलून देतं. आपल्या कोकिळेचं पिल्लू दरवेळी तसं करत नाही, त्यामुळे एकाच घरट्यात कावळ्याची आणि कोकिळेची पिल्लं एकत्र वाढलेलीही दिसतात.

आपल्या पूर्वजांनी हे फार बारकाईने पाहिलं होतं. संस्कृतमध्ये कोकिळेला 'परभृत' आणि 'अन्यपुष्ट' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने पोसलेली. (आणि हो, 'कुहू कुहू' गाणारा काळा पक्षी हा नर कोकीळ. मादी तपकिरी आणि ठिपकेदार असते.)

याच कुळातला पावशा म्हणजे ज्याची हाक आपल्या शेतकऱ्यांना 'पेरते व्हा, पेरते व्हा' अशी ऐकू येते तो. आणि चातक म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर आफ्रिकेतून येणारा, डोक्यावर तुरा असलेला काळा-पांढरा पाहुणा. या दोघांचे यजमान म्हणजे सातभाई. सातभाईंची अंडी सुंदर निळी असतात, आणि पावशा-चातकाची अंडीही निळीच! इतकंच नाही तर पावशा दिसायला थेट शिक्र्यासारखा आहे. तो दिसला की छोटे पक्षी बिथरतात.

मग मुलं हमखास विचारतात, "बाई, कोकिळा चोर आहे का? वाईट आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर घाईने देऊ नका. 'हो' म्हटलं तर मुलांच्या मनात एक पक्षी कायमचा खलनायक होतो. 'नाही' म्हटलं तर कावळ्याचं नुकसान आपण नाकारतो. मी एवढंच सांगते : चांगलं-वाईट हे शब्द निवड करू शकणाऱ्यांसाठी असतात. कोकिळेला घरटं बांधताच येत नाही, तिच्यापुढे दुसरा रस्ताच नाही. कावळ्याचं नुकसान होतं हेही खरं, म्हणून तो तिला पाहताच मागे लागतो. दोघंही आपापली पिल्लं जगवायला धडपडतात. तुम्ही-आम्ही मात्र निवड करू शकतो, म्हणून दुसऱ्याचा डबा चोरणं आपल्यासाठी चूकच.

आता एक चकित करणारी गोष्ट. उत्तर स्पेनमध्ये मोठा ठिपकेदार कुक्कू तिथल्या काळ्या कावळ्यांच्या घरट्यात अंडी घालतो. (आपली कोकिळा आणि आपला कावळा वेगळे, हे लक्षात असू द्या.) संशोधकांना २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं आढळलं की या कुक्कूच्या पिल्लाला पकडलं की ते अतिशय दुर्गंधी स्राव सोडतं. मांजरांसारखे शिकारी त्या वासाने मागे हटतात. त्यामुळे ज्या वर्षी शिकारी जास्त, त्या वर्षी कुक्कूचं पिल्लू असलेली कावळ्यांची घरटी जास्त यशस्वी ठरली. शिकारी कमी असलेल्या वर्षी मात्र ते पिल्लू निव्वळ ओझंच. म्हणजे पुस्तकात 'परजीवी' लिहिलेला पक्षीसुद्धा काही वर्षी यजमानाच्या उपयोगाचा ठरू शकतो!

तिन्ही रकाने एकाच पक्ष्यात : कोतवाल

आता अशा पक्ष्याकडे वळू जो तुमच्या शाळेबाहेरच्या तारेवर आत्ता बहुधा बसलेला असेल. काळा, चकचकीत, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल.

हे नाव उगाच पडलेलं नाही. घरट्याच्या बाबतीत तो अजिबात गय करत नाही. घार असो, कावळा असो, आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या पक्ष्याच्या पाठीवर चोची मारत तो त्याला हद्दीबाहेर पिटाळतो. याचा फायदा शेजारी घेतात. हळद्या, होला, बुलबुल असे गरीब स्वभावाचे पक्षी त्याच झाडावर किंवा जवळपास घरटं करतात. अंडी पळवणारा कावळा कोतवालाच्या धाकाने फिरकत नाही, आणि शेजाऱ्यांची पिल्लं वाचतात. पोलीस चौकीच्या बाजूला दुकान थाटावं तसंच हे!

आणि हाच कोतवाल दुसऱ्या वेळी काय करतो? साळुंकी किडा पकडून खाण्याच्या बेतात असते, तेवढ्यात हा शिक्र्याचा आवाज काढतो. साळुंकी घाबरून उडते, आणि कोतवाल तो किडा उचलतो. सकाळी राखणदार, दुपारी चोर!

आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या कोतवालाचा याबाबत फार बारकाईने अभ्यास झाला आहे. तिथे तो सातभाईंच्याच नात्यातल्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांच्या टोळीवर पहारा देतो. पुष्कळदा धोक्याची खरी हाक देतो आणि मध्येच एखादी खोटी. टॉम फ्लॉवर या संशोधकाच्या अभ्यासानुसार त्याच्या रोजच्या अन्नातला जवळपास पाव भाग अशा चोरीतून येतो. तरी ती टोळी त्याला हाकलत का नाही? उत्तर टोळीच्या आकारात आहे. टोळी लहान असेल तर पहाऱ्यासाठी स्वतःचा माणूस बसवणं परवडत नाही, म्हणून थोडी चोरी सोसून कोतवालाला जवळ राहू देतात. टोळी मोठी असेल तर स्वतःचा पहारेकरी असतो, मग त्याला पिटाळून लावतात.

हा जमाखर्च पक्षी वहीत लिहीत नाहीत, पण त्यांचं वागणं त्याप्रमाणे बदलतं. म्हणूनच 'पक्षी एकमेकांना मदत करतात' हे वाक्य अपुरं आहे. प्रत्येक पक्षी स्वतःचं आणि आपल्या पिल्लांचं पाहतो. ते पाहता पाहता दुसऱ्याचं भलं होतं, कधी काहीच होत नाही, कधी नुकसान होतं. मुलांना गोड बोधकथेऐवजी हे खरं चित्र दाखवलं तर ती जास्त प्रश्न विचारतात, आणि पक्ष्यांकडे जास्त वेळ पाहतात.

वाळलेलं झाड कुणाचं?

हे सगळं समजून घेण्याचा एक अगदी व्यवहारातला उपयोग आहे.

झाड वाळलं की आपण म्हणतो, 'आता काय कामाचं? पाडून टाका.' शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय येतो, सोसायटीत येतो, शेताच्या बांधावर येतो. पण वर पाहिलेली साखळी आठवा. तांबटाला ढोली कोरायला वाळलेलंच लाकूड लागतं. ते खोड गेलं की फक्त तांबट जात नाही, त्याच्यामागे रांगेत उभे असलेले भाडेकरूही बेघर होतात. आणि पिंगळ्यासारखा भाडेकरू गेला तर शेतातले उंदीर आणि कीटक खाणारा एक गडी कमी होतो.

मुलांच्या डोक्यावर फांदी पडण्याचा धोका असेल तर ती काढलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण पुष्कळदा मधला मार्ग निघतो. रस्त्यावर किंवा मैदानावर आलेल्या फांद्या छाटायच्या आणि भक्कम असलेलं मधलं खोड उभं ठेवायचं. कुंपणाच्या कोपऱ्यातलं, कुणाच्या वाटेत नसलेलं झाड तर तसंच राहू द्यायचं. पाडायचंच असेल तर आधी ढोलीत कुणी राहतंय का ते चार दिवस पाहायचं, आणि विणीचा हंगाम टाळायचा.

पालकांसाठी आणखी एक. पोपटाची पिल्लं पकडण्यासाठी ढोल्या फोडल्या जातात. पिल्लू तर जातंच, पुढच्या सगळ्या भाडेकरूंचं घरही जातं. आपले देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. पिंजऱ्यासाठी पोपट मागणाऱ्या मुलाला ही ढोलीची गोष्ट सांगून पाहा.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. जमाखर्चाची वही : प्रत्येक मुलाने दोन पक्ष्यांची एक जोडी निवडावी आणि आठवडाभर पाहून 'काय मिळालं, काय गेलं' हे दोन रकाने भरावेत. प्रकाराचं नाव शेवटी लिहायचं.

२. डोळे मोजण्याचा खेळ : एक मूल खाली मान घालून ताटातले शेंगदाणे एकेक करून वाटीत भरतं. दुसरं मूल, म्हणजे शिक्रा, मागून हळूच येतं. आधी एकट्याने खेळायचं, मग पाच जणांच्या गटाने. एका मिनिटात किती दाणे भरले आणि शिक्रा किती वेळा आधीच दिसला, हे मोजायचं. मिश्र थवा का जमतो ते न सांगता कळतं.

३. ढोली-गणना : शाळेच्या परिसरात किती झाडांना ढोली आहे, त्यातल्या किती वाळक्या फांदीवर आहेत, आणि आत-बाहेर कोण करतंय, याचा तक्ता करायचा. ढोलीजवळ जायचं नाही, आत हात किंवा काठी घालायची नाही. लांबूनच पाहायचं.

४. कोतवालाचा नकाशा : उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला कोतवालाचं घरटं सापडलं तर त्या झाडावर आणि आजूबाजूला आणखी कुणाची घरटी आहेत ते लांबून पाहून वहीत नकाशा काढायचा.

आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर, म्हणून हा आठवडा. घोषवाक्यांच्या फेरीसोबत त्या आठवड्यात ढोली-गणना घेतली तर दरवर्षीचा तक्ता जपून ठेवता येईल. पुढच्या वर्षीची मुलं आधीच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहतील, आणि एखादी ढोली कमी झाली तर ते त्यांच्याच लक्षात येईल.

मुलांना उत्तरं पाठ करून घेण्यापेक्षा 'याला काय मिळालं? त्याचं काय गेलं?' हे दोन प्रश्न द्या. पक्ष्यांपुरते ते पुष्कळ आहेत. आणि एखाद्या दिवशी वाळलेल्या झाडाखाली उभं राहून एखादं मूल विचारेल, "हे पाडलं तर आपल्याला काय मिळेल, आणि कुणाचं काय जाईल?" तेव्हा हा धडा पोहोचला असं समजा.

तुमच्या परिसरात अशी कुठली जोडी दिसली, तर मुलांकडून तिचे दोन रकाने नक्की भरून घ्या.